विमान उतरताना : आकाशातील अंतर राखणारी माणसे

घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या सभासदांना विमानाचे अप्रूप उरलेले नाही. विमान डोक्यावर आले की बोलणे थांबवायचे आणि आवाज विरला की राहिलेले वाक्य पुरे करायचे, ही त्यांची रोजची सवय. तरीही दिवेलागणीच्या वेळी गच्चीवर उभे राहून पूर्वेकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. एक दिवा, त्याच्यामागे काही अंतरावर दुसरा, त्याच्याही मागे तिसरा, असे दिवे एका ओळीत टांगून ठेवल्यासारखे दिसतात. पुढचा दिवा मोठा होत जातो, त्याचे विमान होते आणि ते धावपट्टीकडे निघून जाते. तोवर ओळीच्या शेवटी नवा दिवा आलेला असतो. यातले एखादे विमान नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावरून आलेले असेल, एखादे दुबईहून, एखादे लंडनहून. ती निरनिराळ्या वेळी निघाली, निरनिराळ्या दिशांनी आली. वैमानिकांची एकमेकांशी ओळख नाही. मग ही ओळ लावली कोणी?

ही ओळ लावणाऱ्या माणसाला हवाई वाहतूक नियंत्रक म्हणतात. त्याच्या कामाविषयी आपल्याकडे फारच कमी माहिती आहे. वैमानिक सर्वांना ठाऊक, हवाई सुंदरी सर्वांना ठाऊक. पण ज्याच्या शब्दावर विमान वळते, खाली येते किंवा उतरता उतरता पुन्हा वर जाते, तो माणूस प्रवाशाच्या दृष्टीस कधीच पडत नाही. त्याचे काम कसे चालते हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल जवळ ठेवावी, थोडे गणित आहे.

प्रथम एक मूलभूत अडचण. लोकलगाडीला लाल सिग्नल दिला की ती उभी राहते. पुढची गाडी फलाटावरून हलली की मागची पुढे सरकते. विमानाला आकाशात उभे राहता येत नाही. त्याचा वेग एका मर्यादेखाली गेला तर पंखांना आधार राहत नाही. म्हणजे नियंत्रकाजवळ 'थांब' हा शब्दच नाही. विमान कोणत्या दिशेला जावे, किती उंचीवर राहावे आणि किती वेगाने यावे, एवढ्या तीनच गोष्टी त्याच्या हाती आहेत. या तिन्हींतून त्याला वेळ काढावा लागतो.

यासाठी जगभर मान्य झालेले नियम आहेत. दोन विमानांमध्ये एकतर उंचीचे अंतर हवे, नाहीतर आडवे अंतर हवे. दोन्हींपैकी एक तरी सतत हवेच. उंचीचे अंतर सामान्यतः १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर. रडारच्या साहाय्याने काम चालते तेथे आडवे अंतर दूरच्या मार्गावर सामान्यतः ५ सागरी मैल आणि विमानतळाच्या परिसरात ३ सागरी मैल असते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. म्हणजे ३ मैल झाले साडेपाच किलोमीटर. ऐकताना हे अंतर भरपूर वाटते. परंतु उतरण्याच्या अंतिम मार्गावर मोठ्या प्रवासी विमानाचा वेग १४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर असतो. या वेगाने ३ सागरी मैल कापायला किती वेळ लागेल? ३ भागिले १४० तास, म्हणजे ७७ सेकंद. एवढ्या वेळात पुढच्या विमानाने धावपट्टीवर चाके टेकवून, वेग कमी करून, बाजूच्या रस्त्याला वळून धावपट्टी मोकळी केली पाहिजे. एखादे विमान वळणाचा रस्ता चुकून पुढच्या वळणापर्यंत रेंगाळले की मागच्या विमानाची पंचाईत होते.

विमान दूर असताना ते क्षेत्र नियंत्रण कक्षाच्या ताब्यात असते. जवळ आले की अ‍ॅप्रोच कंट्रोलकडे येते आणि अगदी धावपट्टीसमोर आले की मनोऱ्यातील नियंत्रकाकडे. प्रत्येक टप्प्याला वैमानिक रेडिओची कंपनसंख्या बदलून नव्या माणसाशी बोलू लागतो. खरी कसोटी मधल्या टप्प्यावर आहे. चहूबाजूंनी आलेल्या विमानांची तेथे एक ओळ करायची असते. त्यांच्यासाठी धावपट्टीच्या टोकाकडून दोन रेडिओ किरण आकाशात सोडलेले असतात. एक दिशा दाखवतो, दुसरा सुमारे ३ अंशांची उतरण दाखवतो. त्या उतरणीवर प्रत्येक सागरी मैलामागे विमान साधारण ३०० फूट खाली येते. अ‍ॅप्रोच नियंत्रक एकेका विमानाला वळवीत वळवीत या किरणांपर्यंत आणून सोडतो.

आता मुख्य अडचण पाहा. समजा, दोन विमाने ४ मैलांच्या अंतराने एकामागे एक येत आहेत. दोघांचाही वेग १८० नॉट. पुढच्याने उतरण्यासाठी वेग १४० नॉट केला. मागचे अजून दोन मिनिटे १८० नेच येत राहिले. वेगातला फरक ४० नॉट, म्हणजे दोन मिनिटांत १.३ मैल अंतर खाल्ले गेले. चाराचे झाले २.७. कोणाचीही चूक नाही, दोघेही सांगितल्याप्रमाणे वागत आहेत आणि तरी नियम मोडला गेला! म्हणून नियंत्रकाला आत्ताचे अंतर पाहून चालत नाही, दोन मिनिटांनंतरचे अंतर आधीच मनात मोजावे लागते. अनुभवी नियंत्रक मागच्या विमानाचा वेग अडचण दिसायच्या कितीतरी आधी कमी करायला सांगतो. नवशिका अडचण दिसल्यावर सांगतो. या कामात कसबी आणि कच्चा यांच्यातला फरक मुख्यतः एवढाच आहे, असे आमचे मत झाले आहे.

विमाने फार झाली की काहींना दूर घिरट्या घालायला लावतात. लांबट वर्तुळाच्या आकाराची ही एक फेरी साधारण चार मिनिटांची असते. एकावर एक मजले असावेत तशी विमाने १,००० फुटांच्या फरकाने फिरत राहतात. तळमजल्याचे विमान ओळीत घेतले की वरचे प्रत्येकी एक मजला खाली येते. जो आधी आला तो आधी उतरणार, हा सर्वसाधारण नियम. संकटात सापडलेल्या विमानाला आणि अत्यवस्थ रुग्णाला नेणाऱ्या विमानाला अग्रक्रम मिळतो. आपल्या देशात राष्ट्रपती व पंतप्रधान यांच्या विमानासाठीही वाट मोकळी करावी लागते. तेवढे सोडले तर रडारच्या पडद्यावर कोणाचे तिकीट किती महाग होते याला काडीची किंमत नाही.

किंमत आहे ती वजनाला. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन जोरदार भोवरे निघतात व ते मागे कितीतरी वेळ फिरत राहतात. डोळ्यांना काही दिसत नाही. ३० मे १९७२ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील फोर्ट वर्थजवळच्या विमानतळावर सरावासाठी आलेले एक डीसी-९ विमान त्याहून बरेच मोठ्या डीसी-१० च्या मागोमाग उतरत होते. भोवऱ्यात सापडून ते धावपट्टीवरच उलटले आणि आतील चौघेही मरण पावले. मागच्या विमानाला किती अंतरावर ठेवावे याचे नियम त्यानंतर कडक झाले. १,३६,००० किलो किंवा त्याहून अधिक वजनाचे विमान 'हेवी' म्हणजे जड समजले जाते. आंतरराष्ट्रीय नियमांच्या सर्वपरिचित तक्त्यात जडामागे जड असेल तर ४ सागरी मैल, जडामागे मध्यम असेल तर ५ आणि जडामागे हलके असेल तर ६ मैल ठेवावे लागतात. पाच मैल म्हणजे १४० नॉटने १२९ सेकंद. म्हणजे ओळ लावताना नुसता क्रम लावून भागत नाही, कोण कोणाच्या मागे येणार याचाही हिशेब ठेवावा लागतो.

आमच्या मुंबईची गोष्ट आणखी निराळी. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत. त्यांची नावे त्यांच्या दिशेवरून पडलेली आहेत. एक ०९-२७, म्हणजे ९० अंश पूर्व आणि २७० अंश पश्चिम, दुसरी १४-३२. पण या दोन्ही एकमेकींना छेदतात, म्हणून दोन पट्ट्या असूनही दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणी काम करता येत नाही. बहुतेक सारा भार एकीवरच पडतो. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते. मुंबईचा वारा बहुधा समुद्रावरून येतो, म्हणून विमाने पूर्वेकडून, घाटकोपरवरून येतात. त्याच पट्टीवरून उड्डाणेही करायची असतात. त्यामुळे उतरणाऱ्या दोन विमानांमध्ये एक उडणारे विमान सोडण्याइतकी फट ठेवावी लागते. या एका पट्टीच्या बळावर २०१८ साली मुंबईत एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. धावपट्टीवरचा ताण त्यामुळे वाटला जाईल, परंतु दोन्ही विमानतळ इतके जवळ आहेत की वरचे आकाश एकच राहते आणि दोन ओळी एकमेकींपासून दूर ठेवण्याचे नवे काम नियंत्रकांच्या वाट्याला येते.

हे सारे चालते शब्दांवर. नियंत्रक सांगतो, वैमानिक ऐकलेले आकडे परत म्हणून दाखवतो आणि नियंत्रक ते बरोबर आहेत की नाही हे पडताळतो. ही तिसरी पायरी फार महत्त्वाची. चुकीचे परत म्हटलेले वाक्य ओळखीच्या आवाजात कानावरून निसटून जाते, कारण आपल्याला जे अपेक्षित असते तेच आपण ऐकतो. धम्मात ज्याला सम्यक स्मृती म्हटले आहे, समोर जे आहे ते जसेच्या तसे जाणत राहणे, तिचा अभ्यास येथे पाळीभर करावा लागतो. म्हणूनच ठरावीक वेळाने नियंत्रकाला पडद्यासमोरून उठवून विश्रांती देतात. आकड्यांचे उच्चारही ठरलेले आहेत. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर'. हे वाचून हसू येईल, पण त्यामागे कारण आहे. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ उतरणाऱ्या एका मालवाहू जंबो विमानाला नियंत्रकाने २,४०० फुटांपर्यंत खाली येण्यास सांगितले. इंग्रजीत त्याने एकेक आकडा म्हटला, 'टू फोर झीरो झीरो'. वैमानिकांनी त्यातला 'टू' हा 'पर्यंत' या अर्थाचा समजला आणि ते ४०० फुटांकडे निघाले. विमान टेकडीवर आदळले. चौघेजण गेले.

परंतु आपल्या देशाला हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी सौदी अरेबियाचे जंबो विमान ३१२ जणांना घेऊन दिल्लीहून निघाले. त्यात पोटासाठी परमुलखात निघालेले आपले कामगार पुष्कळ होते. त्याच वेळी कझाकस्तानचे इल्यूशिन-७६ विमान ३७ जणांसह दिल्लीला उतरण्यासाठी खाली येत होते. त्या काळी दिल्लीच्या आकाशाचा मोठा भाग वायुदलासाठी राखीव असल्याने येणाऱ्या व जाणाऱ्या नागरी विमानांना एकच वाट वापरावी लागे. नियंत्रकाने नियमाप्रमाणे वर चढणाऱ्या सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहण्यास सांगितले आणि खाली येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० वर. समोरून विमान येत आहे, हेही त्याने कझाक विमानाला कळवले. उत्तर मिळाले. कागदावर १,००० फुटांचे अंतर होते. प्रत्यक्षात कझाक विमान १५,००० वर थांबलेच नाही, खाली येत राहिले. हरियाणातील चरखी दादरीच्या शेतांवर, आकाशात, दोन्ही विमानांची टक्कर झाली. ३४९ माणसे मेली, एकही वाचला नाही. आकाशातील टकरींमध्ये जगात आजवर इतकी मोठी प्राणहानी दुसरी झालेली नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. नेमून दिलेली उंची सोडून कझाक विमान खाली आले, हे टकरीचे कारण ठरले. नियंत्रकाचा दोष नव्हता. पण आम्हाला विद्यार्थ्यांचे लक्ष पुढच्या तपशिलाकडे वेधायचे आहे. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस आणि विमान चालवणारा माणूस वेगळे होते. बोलणाऱ्यासमोर उंची दाखवणारे यंत्र नव्हते, ते पाहायला त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावे लागे. इंग्रजी दोघांचेही कच्चे. म्हणजे ज्याने शब्द दिला त्याच्या हाती विमान नव्हते आणि ज्याच्या हाती विमान होते त्याच्यापर्यंत शब्द नीट पोहोचला नाही. इकडे दिल्लीच्या नियंत्रकासमोर जे रडार होते ते विमान कुठे आहे एवढेच दाखवी, किती उंचीवर आहे ते दाखवीत नसे. उंचीसाठी त्याला वैमानिकाच्या सांगण्यावरच विसंबावे लागे.

यानंतर ज्या सुधारणा झाल्या त्यांच्यामुळे आजचा प्रवास पुष्कळ सुरक्षित आहे. येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या करण्यात आल्या. विमानातील यंत्राला प्रश्न विचारून त्याची ओळख व उंची मिळवणारे दुय्यम रडार वापरात आले. त्यामुळे आता पडद्यावर प्रत्येक ठिपक्याशेजारी उंचीचा आकडा दिसतो आणि विमान सांगितल्याबाहेर शंभर-दोनशे फूट गेले तरी लक्षात येते. दुसरे विमान जवळ आले तर वैमानिकाला 'वर जा', 'खाली जा' असे स्वतःच सांगणारे टीकॅस नावाचे यंत्र भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांना सक्तीचे झाले. आणि मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय मार्गांवरील वैमानिक व नियंत्रक यांच्या इंग्रजीची परीक्षा घेणे जगभर बंधनकारक झाले.

यंत्र आले म्हणून प्रश्न संपला, असे मात्र नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीच्या दक्षिण टोकाला युबरलिंगेन गावावर दोन विमाने एकमेकांच्या वाटेत आली. एकाला यंत्राने 'वर जा' म्हटले, तर त्याच वेळी नियंत्रकाने 'खाली या' म्हटले. त्याने नियंत्रकाचे ऐकले. दुसऱ्याने यंत्राचे ऐकले, तेही खालीच आले. ७१ जण मेले, त्यात शाळकरी मुले पुष्कळ होती. अशा वेळी यंत्राचेच ऐकायचे, हा नियम त्यानंतर निःसंदिग्ध झाला.

८ जून २०२४ रोजी मुंबईत एक विमान उड्डाणासाठी धावत असतानाच मागून दुसरे त्याच पट्टीवर उतरले. कोणाला इजा झाली नाही. दूरदर्शन वाहिन्यांवर ती दृश्ये दिवसभर फिरत होती. संबंधित नियंत्रकाला कामावरून दूर करून चौकशी लावण्यात आली. चौकशी व्हायलाच हवी. पण माणूस बाजूला केला की काम संपले, असे मानणाऱ्यांनी चरखी दादरीचे प्रकरण पुन्हा वाचावे. तेथे दोष एका विमानाच्या वैमानिकांवर ठेवूनही वाटा, रडार आणि यंत्रे हे सारे बदलण्यात आले. एकाच पट्टीवर तासाला किती विमाने घ्यावीत, हे ठरवणारा माणूस मनोऱ्यात बसलेला नसतो.

धावपट्टी मोकळी नसेल तर उतरणाऱ्या विमानाला पुन्हा वर जायला सांगतात, त्यास 'गो-अराउंड' म्हणतात. प्रवाशांना वाटते, काहीतरी भयंकर घडले. वास्तविक ती सरावातली, नियमातली गोष्ट आहे. आपल्या सभासदांनी विमानात असा अनुभव आल्यास घाबरू नये. वैमानिकाने किंवा नियंत्रकाने अंतर कमी पडते आहे हे वेळीच ओळखले, एवढाच त्याचा अर्थ.

आता विद्यार्थ्यांसाठी चार शब्द. नागरी विमानतळांवर या नेमणुका भारतीय विमानतळ प्राधिकरण करते. पदाचे नाव कनिष्ठ कार्यकारी, हवाई वाहतूक नियंत्रण. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्यांना आणि अभियांत्रिकीच्या पदवीधरांना अर्ज करता येतो. वयाची व गुणांची अट प्रत्येक जाहिरातीत पाहून घ्यावी. प्राधिकरण हा केंद्र सरकारचा उपक्रम असल्याने तेथे आरक्षण लागू आहे. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, हे आपणास ठाऊक आहेच. त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात लागते, राज्याच्या नमुन्यातले चालेलच असे नाही. जाहिरात निघाल्यावर तहसील कचेरीत धावाधाव करण्यापेक्षा ते आधीच काढून ठेवावे. प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदिया येथे होते. आधी वर्ग, मग बनावट रडारवर सराव, मग प्रत्यक्ष जागेवर जुन्या नियंत्रकाच्या देखरेखीखाली काम. एका विमानतळाचा परवाना दुसऱ्या विमानतळावर चालत नाही, तेथे पुन्हा शिकावे लागते.

मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीच्या धास्तीने मागे राहू नये, असे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते. कामाची ठरीव वाक्ये मोजकी आहेत, ती पाठ होतात. फुलोऱ्याचे इंग्रजी तेथे उलट अडचणीचे ठरते. लेखी परीक्षेनंतर उमेदवाराच्या आवाजाचीही चाचणी घेतात. तिच्या तयारीसाठी रोज दहा मिनिटे मोठ्याने, सावकाश, एकेक आकडा सुटा म्हणण्याचा सराव करावा. समोर मित्राला बसवून त्याच्याकडून ते आकडे परत म्हणवून घ्यावेत आणि त्याने मुद्दाम एखादा चुकवला तर तो आपल्याला पकडता येतो का, ते पाहावे.